हाड जुळलं, मग मनगट का दुखतंय?

(दृश्य : उत्तरायणाची सकाळ. दांडिया बाजारातल्या जुन्या गच्च्या, पतंग, फिरक्या.)

१४ जानेवारीला सगळं बडोदं गच्चीवर असतं. नजर आभाळात, पाय मागं मागं सरकत असतात, आणि तोल गेला की माणूस आपसूक तळहात टेकतो. अंगाचा सगळा भार त्या एका मनगटावर येतो. न्हाणीघरातल्या ओल्या फरशीवर, स्कूटर घसरल्यावर, आखाड्यात मल्लखांबावरून उतरताना, हात टेकला जातो तो असाच.

पुढचं सगळ्यांना पाठ आहे. मनगट सुजतं, एक्स-रे निघतो, रेडियसच्या, म्हणजे कोपरापासून मनगटापर्यंत येणाऱ्या अंगठ्याकडच्या हाडाच्या, टोकाशी फ्रॅक्चर दिसतं, प्लास्टर चढतं. काही आठवड्यांनी प्लास्टर उतरतं. नव्या फोटोत हाड छान जुळलेलं असतं. आणि काकू म्हणतात, "अहो डॉक्टर, कुकर उचलताना अजून कळ येते हो." घरच्यांचं उत्तर तयार असतं : फोटो चांगला आलाय ना, मग आता वयाचं दुखणं म्हणायचं.

दरवेळी ते वयाचं नसतं.

(दृश्य : मनगटाच्या हाडांची प्रतिकृती, जवळून.)

मनगटात आठ लहान हाडं दोन ओळींत बसलेली आहेत. त्यांना एकमेकांशी बांधून ठेवतात ते अस्थिबंध, म्हणजे लिगामेंट. त्यांतल्या दोन हाडांची नावं लक्षात ठेवा : स्कॅफॉइड आणि ल्युनेट. या दोघांमधला अस्थिबंध अगदी आखूड आहे, पण हात टेकून पडल्यावर पुष्कळदा तोच फाटतो.

१८९५ च्या डिसेंबरात एक्स-रेचा शोध लावणाऱ्या विल्हेल्म राँटगेन यांनी पत्नीच्या हाताचा एक्स-रे काढला. त्यात बोटांची हाडं दिसतात, अंगठी दिसते. हाडांमधली जागा मात्र मोकळी. कॅल्शियम असल्यामुळे हाड किरण अडवतं. अस्थिबंध आणि भोवतालचं मांस किरणांना जवळपास सारखंच अडवतात, म्हणून ते वेगळे उमटत नाहीत. आजचा डिजिटल एक्स-रे कितीही स्वच्छ निघाला, तरी ही मर्यादा तशीच आहे.

मग एक्स-रे बघायचा कशाला? कारण बांधणी सुटली की हाडं जागा सोडतात, आणि ते फोटोत दिसतं. बघणाऱ्यानं फ्रॅक्चरच्या रेषेपाशी थांबता कामा नये, एवढंच.

(दृश्य : प्रकाशपेटीवर एक्स-रे. पेन्सिलीचं टोक कमानींवरून फिरतं.)

समोरून घेतलेल्या फोटोत लहान हाडांच्या कडांवरून तीन गुळगुळीत कमानी काढता येतात. एक्स-रेतज्ज्ञ लुई गिलुला यांनी १९७९ मध्ये त्या मांडल्या. कमान कुठे तुटली, तर तिथली हाडं हलली असण्याचा संशय घ्यायचा. स्कॅफॉइड आणि ल्युनेट यांच्यामधली फट ३ मिलिमीटरपेक्षा जास्त वाटली, तर दुसऱ्या मनगटाशी ताडून बघायचं, कारण काहींची फट मुळातच मोठी असते. ल्युनेट चौकोनी दिसायला हवं. ते तीनकोनी दिसलं, तर ते कललं किंवा निखळलं असू शकतं. बाजूनं घेतलेल्या फोटोत या दोन हाडांमधला कोन साधारण ३० ते ६० अंश असतो. तो ७० च्या पुढे गेला, तर गोष्ट गंभीर आहे.

पण हे सगळं फोटो नीट काढला तर. हात जरासा वळला तरी फट लपते आणि कोन चुकतो. प्लास्टरमधून तर बारकावे आणखी पुसट होतात. शिवाय बांधणी सुटलेली असूनही हात निवांत पडलेला असताना हाडं जागेवर बसलेली दिसू शकतात. मूठ घट्ट आवळली की ती फाकतात. म्हणून दोन्ही हातांच्या मुठी आवळून फोटो घेतात. ताज्या फ्रॅक्चरमध्ये कोण मूठ आवळणार? तिथेच ही इजा निसटते.

अमेरिकेत विल्यम गाइसलर आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये ६० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. फ्रॅक्चर सांध्याच्या आत गेलेलं आणि जागेवरून सरकलेलं, असे हे रुग्ण. दुर्बिणीतून आत पाहिल्यावर ४१ जणांच्या मऊ भागांना इजा सापडली, १९ जणांचा स्कॅफॉइड-ल्युनेट अस्थिबंध दुखावलेला होता. हे निवडक, अवघड रुग्ण होते, तेव्हा हाच हिशेब प्रत्येक साध्या फ्रॅक्चरला लावू नये. मात्र रेडियसचं अंगठ्याकडचं टोक तुटलं असेल, तर या अस्थिबंधाची चौकशी व्हायलाच हवी. ती फ्रॅक्चरची रेषा बरेचदा नेमकी त्याच्यासमोर सांध्यात उतरते.

एमआरआयमध्ये पूर्ण फाटलेला अस्थिबंध बऱ्यापैकी कळतो, अर्धवट फाटलेला सुटू शकतो. सर्वांत खात्रीचं अजूनही दुर्बिणीतून पाहणंच. पण ती शस्त्रक्रिया आहे, दुखणाऱ्या प्रत्येक मनगटात दुर्बीण घालायची नसते. अर्धवट फाटलेले पुष्कळ अस्थिबंध फ्रॅक्चरच्या प्लास्टरमध्येच सांधतात.

पूर्ण फाटलेल्याचं तसं नाही. पहिल्या काही आठवड्यांत तो पुन्हा शिवता येतो. नंतर टोकं आखडतात आणि दुरुस्ती अवघड होते. वर्षानुवर्षं तसाच राहिला, तर हाडं चुकीच्या जागी घासून सांधा झिजतो.

(दृश्य : बाह्यरुग्ण विभागातला बाक. एक बाई डाव्या हातानं पिशवी सावरतात.)

म्हणून "फोटो नॉर्मल आहे" हे ऐकून गप्प बसू नका. कळ मनगटाच्या मधोमध, हाताच्या मागच्या बाजूनं येते का, पकड सैल वाटते का, हात टेकवून उठताना आतून खट्‌ वाजतं का, हे डॉक्टरांना सांगा. प्लास्टर निघाल्यावर दोन्ही मुठी आवळून फोटो घ्यायची गरज आहे का, ते विचारा. जुने एक्स-रे टाकून देऊ नका. पहिल्या दिवसाची ती फट आणि आजची फट शेजारी ठेवूनच बघावी लागते.