कवितेतली दोन अक्षरांची जागा

नमस्कार मंडळी! मागे दिसतेय ती आपली तलावपाळी, आणि जवळच गडकरी रंगायतन. नाव नाटककाराचं, हे ठाणेकरांना सांगायला नको. पण हेच राम गणेश गडकरी ‘गोविंदाग्रज’ नावानं कविता लिहायचे. त्यामुळे या नाट्यगृहाशेजारी वाद्यांच्या साथीनं कविता म्हणायला निघालोय, यात नवल काही नाही. नवल पुढे आहे.

मागे एका छोट्या कार्यक्रमात मी स्वतःची कविता म्हटली. साथीला तबला आणि कीबोर्ड. तालमीत झकास! प्रयोगात दुसऱ्या कडव्याला कीबोर्ड असा काही पसरला की मावशी नंतर म्हणाली, "छान वाटलं रे. पण म्हणत काय होतास?"

चूक माझीच. एक ओळ संपते न संपते तोच पुढची रेटत होतो. वाद्यानं शिरायचं कुठे? मग ते शब्दांवरच बसलं.

आता मोठा अभंग हा छंद घ्या. चार चरण, अक्षरं सहा, सहा, सहा आणि चार. माझाच एक कच्चा नमुना ऐका.

(बोटांवर मोजत) दिव्यांचा उजेड, तळ्यात सांडला, वाऱ्याशी भांडला, विस्कटला.

शेवटी दोन अक्षरं कमी पडली ना? कान ती मागतो. भजनात तिथे स्वर लांबतो, नाहीतर मृदंग बोलतो. जागा छंदातच राखून ठेवलेली आहे!

पोवाड्यात तर ती उघड दिसते. शाहीर डफावर कथा पळवतो, ओळीच्या टोकाला मागचे साथीदार, म्हणजे झीलकरी, ‘जी जी जी’ उचलतात. तेवढ्यात शाहिराचा दम भरतो आणि ओळ आपल्यात मुरते.

मुक्तछंदात मात्र पंचाईत, तिथे जागा आपणच शोधायची. मी कागदावर पेन्सिलीनं रेघा मारतो. एक रेघ म्हणजे श्वास, दोन म्हणजे वाद्य. शब्द चालू असताना तानपुऱ्याचा षड्ज, म्हणजे नुसता ‘सा’, पुरे. चाल लावली की ते गाणं झालं. गाणं वाईट नाही, पण मग मावशीचा प्रश्न परत येतो. आणि तबलजीला कविता आधी वाचायला द्या हो! नुसतं तालाचं नाव सांगून, ‘केरवा धर’ म्हणून भागत नाही.

आज मित्र तबला घेऊन कठड्यावर बसलाय. मी ‘विस्कटला’ म्हणून गप्प होतो, पुढचं त्याचं. मध्ये रिक्षाचा हॉर्न वाजलाच, तर समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर वाजो.

दिव्यांचा उजेड...