सायमन व्हीलरची खुर्ची

नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय, ‘मार्क ट्वेनच्या समग्र लघुकथा कशा वाचाव्यात’. तिकडे वळूच, पण आधी या अमेरिकन विनोदी लेखकाच्या त्या बेडकाच्या गोष्टीचं घेऊ. तो बेडूक बरीच वर्षं माझ्या मनात ठाण मांडून बसलाय.

गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. जिम स्मायली हा पैजेचा नादिष्ट. तीन महिने घरात बसून तो बेडकाला उड्या शिकवतो. बेडकाचं नाव डॅनियल वेबस्टर! हे नाव एका गाजलेल्या अमेरिकन सेनेटरचं, सभागृह दणाणून सोडणाऱ्या वक्त्याचं. पुढे एक परका येतो, चाळीस डॉलरची पैज लागते. स्मायली त्याच्यासाठी दुसरा बेडूक धरायला दलदलीत उतरतो आणि इकडे हा पठ्ठ्या चमच्याने डॅनियलच्या पोटात बंदुकीचे छर्रे भरतो, पार हनुवटीपर्यंत. मग उडी कसली? बिचारा नुसते खांदे उडवतो.

शाळेत पूरक वाचनाच्या पुस्तकात ही गोष्ट आम्हाला होती. दोन पानांची, ‘संक्षिप्त’. पैज, छर्रे, फजिती आणि शेवटी तात्पर्य: फसवणूक करू नये. वर्गात कुणी हसलं नाही. मला वाटलं, अमेरिकन लोक एवढ्याशा गोष्टीला हसतात? ट्वेन मी तिथेच मिटला. माझी वीस वर्षं त्या संक्षेपाने खाल्ली, आणि त्याचा राग मला आजही येतो.

मग रद्दीच्या दुकानात चार्ल्स नायडरने 1957 साली संपादित केलेला खंड सापडला. साठ कथा. त्याच आठवड्यात वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, डोळ्यावर पट्टी. म्हणाले, “वाच काहीतरी.” मी समोर बसून तोंडी मराठी करत वाचू लागलो. आणि पहिल्याच पानावर थबकलो, कारण तिथे बेडूक नव्हताच! तिथे होता सायमन व्हीलर. खाणींच्या ओस पडलेल्या गावातल्या गुत्त्यात शेकोटीपाशी पेंगणारा, जाडा, टकला म्हातारा. पाहुणा काही विचारतो, तर हा त्याला कोपऱ्यात रेटतो, आपली खुर्ची आडवी लावून वाट अडवतो आणि सुरू होतो. हसत नाही, कपाळाला आठी नाही, सूर एकदाही बदलत नाही. घोडी झाली, कुत्रा झाला, मग कुठे बेडूक.

पट्टीखालून वडील म्हणाले, “अरे, हा तर आपला धाकटा काका!” आणि इतके हसले की आई स्वयंपाकघरातून धावत आली, डोळ्याला धक्का बसेल म्हणून.

आमच्या पुस्तकाने नेमका व्हीलरच कापला होता. छर्रे ठेवले, खुर्ची काढून टाकली. ट्वेनने स्वतः 1895 साली लिहिलंय की विनोदी गोष्ट गंभीर चेहऱ्याने सांगायची, आपण सांगतोय त्यात काही गमतीचं आहे याची शंकासुद्धा दिसू द्यायची नाही. दुसऱ्याच वर्षी, जानेवारी 1896 मध्ये, कर्ज फेडण्यासाठी काढलेल्या जगप्रवासात तो आपल्या मुंबईतही बोलून गेला.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. बरं, मूळ मुद्दा घाईने मांडतो. हा खंड सालवार वाचा आणि प्रत्येक कथेत सांगणारा कुठे बसलाय ते बघा. 1865 साली व्हीलर खुर्चीत. 1874 च्या ‘अ ट्रू स्टोरी’मध्ये गुलामगिरीतून सुटलेली रेचेलमावशी ओसरीच्या पायरीवर, मालकांपेक्षा खाली. सातही मुलं लिलावात कशी गेली ते सांगता सांगता ती नकळत उभी राहते आणि चांदण्यांवर तिची काळी आकृती सगळ्यांच्या वर दिसते. विनोदी लेखकाची ही कथा, आणि विनोद कुठेच नाही. पण हात तोच: आपण गप्प बसायचं, दुसऱ्याला बोलू द्यायचं. 1899 च्या, हॅडलीबर्ग नावाच्या गावाच्या कथेत असा म्हातारा नाही, मावशी नाही. सोन्याच्या पोत्याबरोबर एक पत्र येतं आणि अख्खं गाव खोटं बोलू लागतं. ती कथा बेडकानंतर लगेच वाचू नका. मधली वर्षं ओलांडून तिथे पोचा. आणि वाचाल ते मोठ्याने, घरात कुणाला तरी समोर बसवून.

दोन मिनिटं उरलीत. व्हीलर दारात पाहुण्याला पुन्हा गाठतो आणि स्मायलीच्या एकडोळ्या, बिनशेपटीच्या पिवळ्या गाईचं सुरू करतो, ते पान वाचतो. मागे ऐकू येतंय ना?