भोक न पाडता बसवलेली दुर्बीण

(दृश्य: टेबलावर आडवी ठेवलेली रायफल. बोल्ट काढून बाजूला.)

ही मोसिन-नागां, जुनी रशियन लष्करी रायफल, मॉडेल १८९१/३०. वजन चार किलो, लांबी सव्वा मीटरला जेमतेम कमी. बोल्ट, म्हणजे गोळी आत ढकलून नळी मागून बंद करणारा दांडा, काढलाय; चेंबर, म्हणजे गोळी बसते ती जागा, रिकामं आहे; नळीतून पलीकडचा उजेड दिसतोय. हे आधीच दाखवून ठेवतो, कारण यापुढे बराच वेळ आपण हिच्या अगदी जवळ जाऊन बघणार आहोत.

नळीच्या मुळाशी शिक्के आहेत. त्रिकोणात बाण असेल तर इझेव्स्कचा कारखाना, ताऱ्यात बाण असेल तर तुला. शेजारी साल, खाली नंबर. तोच नंबर बोल्टवर, तोच मॅगझीनच्या तळाशी. रायफलीचा हा जन्मदाखला पोलादात ठोकलेला आहे.

आता हिच्यावर दुर्बीण बसवायची आहे. डोळे पूर्वीसारखे राहिले नाहीत. नेम धरायच्या दोन साईटपैकी मागची धूसर दिसते आणि पुढची दोन-दोन दिसायला लागते. म्हणजे गरज खरी आहे. सरळ उपाय म्हणजे रिसीव्हरवर, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या पोलादी सांगाड्यावर, ड्रिल चालवायचं, आटे पाडायचे, दुर्बिणीची पट्टी स्क्रूनं आवळायची. तासाभराचं काम. फक्त ते परत घेता येत नाही.

(दृश्य: कापलेला दस्ता, वाकवलेला बोल्ट, वरून भोकं पाडलेला रिसीव्हर.)

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत जुन्या लष्करी रायफली स्वस्तात विकल्या जात होत्या, टपालानं घरी येत होत्या. लोकांनी त्यांच्या शिकारी बंदुका केल्या. पुढचं लाकूड कापलं, बोल्ट तापवून वाकवला, वर भोकं पाडली. त्यांना सरसकट दोष देणं मला पटत नाही. ढिगानं मिळणाऱ्या वस्तूला कुणी जपत नसतं. १९६८ च्या कायद्यानं टपालाची विक्री थांबली, लष्करी मालाची आयात अडली आणि ढीग आटत गेला. न कापलेली रायफल दुर्मीळ व्हायला लागली, तेव्हा कुठे लोक भोकं मोजायला लागले.

गंमत म्हणजे काही भोकांनी किंमत वाढतेही. युद्धाच्या काळात सोव्हिएत सैन्याच्या निवडक मोसिनच्या डाव्या बाजूला साडेतीन पट मोठं दाखवणारी पीयू दुर्बीण बसवली जायची. तिच्यासाठी कारखान्यातच भोकं पाडलेली असायची. पुढे अनेक रायफलींवरून दुर्बीण उतरवली, भोकं बुजवली आणि त्या साध्या शिपायाच्या हाती गेल्या. आज संग्राहक भिंग घेऊन ती बुजवलेली भोकं शोधत असतात. भोक तेच, पोलादही तेच. फरक एवढाच, की ते युद्धात पडलं की कुणाच्या घरामागच्या शेडमध्ये.

तर, भोक पाडायचं नाही असं ठरलं. मग दुर्बीण बसवायची कुठे?

(दृश्य: मागच्या साईटचा जवळून घेतलेला शॉट. पट्टीवर १ ते २० आकडे.)

इथे. ही मागच्या साईटची पट्टी. १ म्हणजे शंभर मीटर, २० म्हणजे दोन हजार. दोन हजार मीटरवरचा माणूस या फटीतून कुणाला दिसला असेल, देव जाणे. पट्टीच्या पुढच्या टोकाला एक आडवी पिन आहे आणि पट्टीखाली चपटी स्प्रिंग. स्प्रिंग दाबून धरायची, पंचानं, म्हणजे ठोकायच्या बोथट सळईनं, पिन सरकवायची, की पट्टी हातात येते. याच पिनेवर नवी पट्टी बसते आणि तिच्यावर दुर्बीण.

दुर्बीण धरणाऱ्या या नव्या पट्टीला माउंट म्हणतात. काही माउंटसाठी जुन्या पट्टीखालचा सगळा ठोकळाच काढावा लागतो. तो नळीला खाचेत बसवून डाख दिलेला असतो. त्या वाटेला आपण जाणार नाही.

दुर्बीण पुढे गेल्यानं तीन अडचणी एकदम सुटतात. मोसिनचा बोल्ट सरळ दांड्याचा आहे. उघडताना तो वर येतो आणि रिसीव्हरवरच्या ठेंगण्या दुर्बिणीला आपटतो. इथे आपटायला काही नाही. पाच गोळ्यांची क्लिप वरून दाबून भरता येते. आणि रिसीव्हर अस्पर्श राहतो. जर्मनांनी हेच युद्धात करून पाहिलं होतं. त्यांची झेडएफ-४१ दुर्बीण मागच्या साईटच्या डाव्या बाजूच्या खाचेत सरकायची. मोठं दाखवायची फक्त दीडपट. पुढे ऐंशीच्या दशकात अमेरिकन नेमबाजी प्रशिक्षक जेफ कूपर यांनी पुढे बसवलेल्या दुर्बिणीची हलकी 'स्काउट' रायफल मांडली आणि या जागेला नावच पडलं.

पण इथे नेहमीची दुर्बीण चालत नाही. तिला डोळा आठ-दहा सेंटिमीटरवर हवा असतो, आणि ही जागा डोळ्यापासून पुष्कळ लांब. लांबून बघायची, कमी पटीची दुर्बीण घ्यावी लागते. तिच्यातून दिसणारं चित्र छोटं असतं. सूर्य पाठीमागे असला की मागच्या काचेवर चकाकी येते. शिवाय खाली नळी तापलेली. आठ-दहा गोळ्यांनंतर गरम हवा काचेसमोर थरथरायला लागते आणि लक्ष्य पाण्यात बुडाल्यासारखं डोलतं.

(दृश्य: माउंटच्या मागच्या टोकाखाली कात्रीनं कापलेला बारीक पत्रा सरकवणारी बोटं.)

आता खरी कसोटी. स्क्रू आवळले, दुर्बीण बसली, आणि शंभर मीटरवर गोळी वीतभर खाली लागतेय. दुर्बिणीचं बटण फिरवून फिरवून संपलं, तरी गोळी वर यायला तयार नाही. अशा वेळी हा पत्रा. शीतपेयाच्या डब्यातून कापलेला, जाडी साधारण ०.१ मिलिमीटर. माउंटच्या पुढच्या आणि मागच्या टेकूंमधलं अंतर १० सेंटिमीटर धरलं, तर मागच्या टोकाखाली हा एक तुकडा घातल्यानं शंभर मीटरवर गोळी १० सेंटिमीटर वर जाते. कुणी याला जुगाड म्हणेल. हिशोब मात्र चोख आहे.

पिन आणि भोक यांच्यातली ढिलाई हा दुसरा शत्रू. प्रत्येक गोळीचा धक्का त्या एका पिनेवर येतो. म्हणून माउंटच्या मागच्या बाजूचे छोटे स्क्रू खाली दाबून ताण द्यायचा. मात्र स्क्रूचं टोक थेट जुन्या पोलादावर टेकवायचं नाही, मध्ये पितळेची चकती ठेवायची. आट्यांवरचं तेल पुसून, स्क्रू ढिले पडू नयेत म्हणून निळं चिकटद्रव लावायचं. लाल नको, ते सोडवायला आच द्यावी लागते.

आणि दस्ता, म्हणजे खांद्याला टेकणारं लाकूड. तो साध्या साईटसाठी घडवलेला, त्यामुळे दुर्बिणीतून बघताना गालाऐवजी हनुवटी टेकते. ब्रिटिशांनी नंबर ४ रायफलीवर लाकडी उंचवटा स्क्रूनं बसवला होता. आपण चामड्याची गादी नाडीनं बांधली.

(दृश्य: संध्याकाळ. माउंट उतरवलेलं, शेजारी जुनी पट्टी आणि स्प्रिंग.)

दिवस संपताना सगळं उलट क्रमानं काढलं. स्प्रिंग परत बसवताना एकदा उडाली, वीस मिनिटं टेबलाखाली रांगलो. मग पट्टी बसली, पिन आत गेली, १ ते २० आकडे जागेवर आले. बोट फिरवलं तर काही लागत नाही. फक्त पिनेच्या डोक्यावर, पंच टेकला तिथे, टाचणीच्या टोकाएवढा एक ताजा चकाकता ठिपका आहे. तो सकाळी नव्हता.