आधी धाप, मग आकडे

पत्रिकेवर विषय छापलाय 'प्रौढ वयात हृदयासाठी आठवड्याचा व्यायाम'. त्या आठवड्याकडे मी येणारच आहे. त्याआधी दोनदा हात वर करा. आज दिवसभरात ज्यांना एकदा तरी धाप लागली, त्यांनी पहिल्यांदा. बसमागे धावलेलेही चालतील... चार-पाच. आता आज मोबाइलमध्ये पावलं किती झाली ते ज्यांनी बघितलं, त्यांनी. बघा, अर्धं सभागृह! या दोन मोजणीतल्या फरकाबद्दलच मला बोलायचंय.

दहा हजार पावलांचा आकडा आला कुठून? १९६५ च्या सुमारास जपानमध्ये कमरेला लावायचं पावलं मोजणारं यंत्र विकायला आलं. नाव 'मानपो-केई', म्हणजेच दहा हजार पावलांचं मापक. आकडा लक्षात राहण्याजोगा होता, म्हणून राहिला. त्यामागे त्या वेळी कुठलीही वैद्यकीय तपासणी नव्हती. चालणं उत्तमच, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती पावलं मोजताना वेग विसरण्याबद्दल. दुकानात रेंगाळत टाकलेली पावलं आणि चढावर टाकलेली पावलं मोबाइलला सारखीच, हृदयाला नाहीत.

हृदयाचा हिशेब बघा. स्वस्थ बसलेल्या माणसाचं हृदय एका ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर रक्त ढकलतं. मिनिटाला ७० ठोके धरले तर जवळपास ५ लिटर. तुम्ही झपाझप चालू लागलात की पोटऱ्या आणि मांड्या आवळून शिरांमधलं रक्त वर पिळतात. हृदयाचा कप्पा जास्त भरतो, ताणला जातो आणि जास्त जोरात आकुंचन पावतो. हा ताण आठवड्यामागून आठवडे मिळाला की रक्तातला द्रवभाग वाढतो, कप्प्यात रक्त जास्त मावू लागतं, आणि तेच ५ लिटर कमी ठोक्यांत भागतं. सकाळची नाडी ७६ वरून ६८ वर येते ती यामुळे. रमतगमत चालताना कप्प्याला एवढं भरावंच लागत नाही, मग त्यानं बदलावं तरी कशाला?

आता लंडनच्या बसकडे चला. हे थोडं लांबेल, पण या विषयाचा पायाच तिथे आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर जेरी मॉरिस नावाचे डॉक्टर एका कोड्यामागे लागले होते: हृदयविकाराचे झटके एवढे वाढताहेत, ते कोणाला येतात? त्यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरचे कर्मचारी निवडले. निवड फार हुशारीची होती. ड्रायव्हर आणि कंडक्टर एकाच गाडीवर, एकाच संस्थेत, साधारण सारख्याच घरांतले. फरक एवढाच की ड्रायव्हर पाळीभर बसून, आणि कंडक्टर तिकिटं फाडत वरच्या मजल्यावर, पुन्हा खाली, पुन्हा वर. मॉरिस यांच्या माणसांनी बसमध्ये बसून पायऱ्या मोजल्या. दिवसाला सुमारे ५०० ते ७५० पायऱ्या! १९५३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले. कंडक्टरांना हृदयविकार कमी, झाला तरी उशिरा, आणि पहिल्याच झटक्यात जाण्याचं प्रमाणही कमी.

लगेच शंका आली, आणि ती रास्त होती. मुळातच जाड माणसं ड्रायव्हर होत असतील तर? मॉरिस यांनी काय करावं? गणवेशांच्या नोंदी काढल्या. कोणाच्या पँटची कंबर किती, हे तिथे शिंप्याच्या मापात लिहिलेलं होतं. ड्रायव्हरांच्या कमरा खरोखरच मोठ्या निघाल्या, म्हणजे शंकेत तथ्य होतं. त्यांनी ते १९५६ मध्ये स्वतःच छापलं. मग बारीक कंडक्टर विरुद्ध बारीक ड्रायव्हर, जाड विरुद्ध जाड अशी तुलना केली, तरी कंडक्टरच बरे ठरले. पुढे १९७३ मध्ये त्यांनी बैठं काम करणारे सरकारी नोकर पाहिले, तेव्हा फुरसतीत दम लागेल असा व्यायाम करणाऱ्यांना फायदा दिसला. नुसत्या हलक्या हालचालीचा तिथे फारसा उपयोग दिसला नाही. त्या कंडक्टरांपैकी एकही 'व्यायामाला' जात होता म्हणून निवडला नव्हता, हे विसरू नका. पायऱ्या कामातच होत्या.

चिठ्ठी आली आहे, १० मिनिटं उरलीत. आठवडा मांडतो, लिहून घ्या.

जागतिक आरोग्य संघटनेचं माप असं: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम, किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराचा, शिवाय दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा. पूर्वी सलग १० मिनिटं झाली तरच धरायचं अशी अट होती, ती २०२० मध्ये काढली. म्हणजे दोन मिनिटांचा जिनाही जमेस. मध्यम म्हणजे बोलता येतं, गाता येत नाही. जोराचा म्हणजे चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो. घड्याळच हवं असेल तर १५ सेकंदांत पावलं मोजा. २५ झाली तर मध्यमाची सुरुवात, ३२-३३ झाली तर जोराचा.

चालण्याचा एक चांगला साचा जपानमध्ये तपासला गेलाय. तीन मिनिटं झपाझप, तीन मिनिटं सावकाश, अशा पाच फेऱ्या, आठवड्यातून चार दिवस. साठीच्या आसपासच्या लोकांमध्येही पाच महिन्यांत दमसास आणि मांड्यांची ताकद वाढलेली दिसली. सुरुवात तीन फेऱ्यांनी करा, दर आठवड्याला एक वाढवा.

जिना चढताना पूर्ण तळवा पायरीवर, जोर टाचेतून, कठड्याला फक्त हात लावायचा, ओढायचं नाही. श्वास रोखू नका, रोखला की रक्तदाब एकदम उसळतो. पहिले दोन आठवडे दोन मजले, दिवसातून तीनदा. उतरताना घाई नको, उतरतानाच गुडघ्यांवर भार जास्त येतो. आणि जोरात चालून झाल्यावर खांबासारखे उभे राहू नका. पोटऱ्या थांबल्या की रक्त पायांतच साचतं, मेंदूला कमी पडतं, भोवळ येते. चार-पाच मिनिटं सावकाश चालत राहा.

बहुतेकांचं बिघडतं ते दोन ठिकाणी. एक, पाच दिवस बसून रविवारी सगळं उरकणं. दुसरं, सहा महिने त्याच वेगानं तोच रस्ता. शरीर सरावलं की धाप लागत नाही, मग वेग किंवा चढ वाढवायला हवा.

मिनिटाला जास्तीत जास्त ठोके किती पडतील हे सांगणाऱ्या '२२० वजा वय' या सूत्रावर फार विसंबू नका, माणसामाणसात १०-१२ ठोक्यांचा फरक सहज पडतो. हृदयाचे ठोके मंदावणाऱ्या बीटा-ब्लॉकर गोळ्या चालू असतील तर नाडी नेहमीइतकी वाढत नाही, तिथे बोलण्याची कसोटीच वापरा. छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, चक्कर, नेहमीपेक्षा वेगळी धाप, यातलं काहीही झालं तर तिथेच थांबा आणि लगेच वैद्यकीय मदत बोलवा. मधुमेह, रक्तदाब किंवा आधीचा हृदयविकार असेल तर सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा.

आता उठायच्या आधी सगळ्यांनी नाडी धरा. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटावर, पहिली दोन बोटं. अंगठ्यानं धरू नका, त्याची स्वतःचीच नाडी लागते. ३० सेकंद मोजा, दुप्पट करा, आकडा लिहा. उद्या पहाटे अंथरुणातच पुन्हा मोजा. रोज तीच वेळ, चहाच्या आधी. आठ आठवड्यांनी हाच कागद घेऊन या, मी इथेच असेन.