हाकेला ओ

(दृश्य: काळोख. बुटांखाली दगड सरकतो. लांबवर ओढ्याचा आवाज.)

पहाटेचे साडेपाच. कोलोराडोतलं फ्लॅट टॉप्सचं पठार, उंची दहा हजार फुटांच्या आसपास. सप्टेंबरचा तिसरा आठवडा चालू आहे आणि बाटलीतल्या पाण्यावर बर्फाची साय धरली आहे. एका पडलेल्या स्प्रूसच्या ओंडक्याला टेकून आम्ही तिघं बसलो आहोत. कुणी बोलत नाही.

(ध्वनी: एल्क नराची साद, लांबून. मग शांतता.)

हा आवाज पहिल्यांदा ऐकणाऱ्याला तो जनावराचा वाटतच नाही. खालून घुमत सुरू होतो, चढत चढत शिट्टीसारखा बारीक होतो, वर काही क्षण थरथरतो आणि मग एकदम कोसळतो. शेवटी धाप लागल्यासारखे चार-पाच हुंकार. इथले लोक याला बिगूलच म्हणतात. तीनशे किलोंच्या पुढे भरणाऱ्या जनावराच्या गळ्यातून एवढा बारीक सूर निघतो कसा, हे कोडं बरीच वर्षं होतं. २०१६ मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं की नर एकाच वेळी दोन आवाज काढतो: एक घशातला जाड, आणि त्याच्यावर वेगळी तरंगणारी शिट्टी.

एल्क म्हणजे हरीणच. आपल्या सांबराच्या कुळातलं, पण त्याच्याहून थोराड. काश्मीरच्या दाचीगाममधला हंगूल हा त्याचा जवळचा भाऊबंद. अमेरिकेतल्या शॉनी या मूळ रहिवासी लोकांच्या भाषेत याला वापिटी म्हणतात, पांढऱ्या पुठ्ठ्याचा. वर्षभर हे नर गप्प असतात. सप्टेंबर लागला की माजावर येतात, आणि मग पुढचा महिना-दीड महिना डोंगर बोलायला लागतो.

(दृश्य: तळहातावर घोड्याच्या नालेच्या आकाराची छोटी चकती. मधोमध ताणलेलं पातळ रबर.)

आपल्याकडच्या जुन्या शिकारकथांत हाका असतो. माणसं डबे-ढोल वाजवत रान उठवतात आणि जनावर मचाणाकडे पळतं. इथे हाका नाही, हाक आहे. जनावर भिऊन नाही, आपण होऊन यायला हवं. त्यासाठी हा डायफ्रॅम. तो टाळूला चिकटवायचा, जिभेने दाबायचा आणि त्या रबरावरून श्वास सोडायचा. नराचा आवाज काढायचा तर तोंडापुढे नळी धरायची, मादीचा काढायचा तर नुसत्या जिभेवर.

मला हे शिकवलं माझ्या शेजाऱ्यांनी. सत्तरी ओलांडलेले, चाळीस वर्षं धनुष्य घेऊन या डोंगरांत फिरलेले. आता खांद्यामुळे धनुष्य ओढवत नाही, म्हणून त्यांचा परवाना संपला आणि लेकीचा सुरू झाला. कवळी आल्यापासून डायफ्रॅमही टाळूवर टिकत नाही. चाळीस वर्षांची विद्या डोक्यात आणि ती वाजवायला तोंड नाही. एका संध्याकाळी अंगणात त्यांनी ती चकती माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "तुझा कान चांगला आहे. बघ जमतंय का."

तीन महिने मी गाडीत, कामावर जाता-येता, सराव केला. पहिला आठवडा नुसती उबळ यायची. मग फुसफूस. जूनच्या अखेरीला एक दिवस मादीची हाक जमली: वरून सुरू होऊन खाली उतरणारी, मांजराच्या म्यांवच्या जवळपास जाणारी, पण जास्त ओली.

ती मी आईला फोनवर ऐकवली. आई पाटण तालुक्यातली, जन्म गुराढोरांत गेलेला. तिच्या लहानपणी गावाच्या रानात फासेपारध्यांचे तळ पडायचे, आणि तोंडाने आवाज काढून तित्तर बोलावणारी माणसं तिने पाहिलेली आहेत. तिने ऐकलं, परत वाजव म्हणाली, आणि मग विचारलं, "ही आई हाक मारतीय का पोर?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी सूर काढत होते. आपण कोण आहोत, हे ठरवलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांना सांगितलं तर ते कितीतरी वेळ मान हलवत राहिले. पाडसाची हाक बारीक आणि आखूड असते. मोठ्या मादीची जाड आणि लांब. कळपापासून चुकलेल्या मादीची हाक निराळी, नुसतं "मी इथे आहे" सांगणारीची निराळी, माजावर आलेलीची आणखी निराळी. नर त्या प्रत्येकीला वेगळं उत्तर देतो. "रानात गेल्यावर आधी ठरव तू कोण आहेस," ते म्हणाले, "मग तोंड उघड."

(दृश्य: अस्पेनची पिवळी पानं. बुडाशी सालीवर काळे ओरखडे, एल्कच्या दातांचे.)

पहिल्या मोसमात एक नर बोलला. मी मादीची हाक दिली, दरीपलीकडून त्याने लगेच ओ दिली, आणि माझं भान सुटलं. मी पुन्हा हाक दिली, पुन्हा, पुन्हा. तो ऐंशी पावलांवर येऊन थांबला. झाडीमागून शिंगांची टोकं दिसत होती, बाकी काही नाही. एल्क असा थांबतो तेव्हा त्याला मादी डोळ्यांनी बघायची असते. आवाज येतो त्या जागी कुणी दिसत नाही, म्हणजे काहीतरी चुकतंय, एवढं त्याला कळतं. मग तो अर्धा वळसा घालून वाऱ्याखाली गेला. कुत्र्यासारखा एकदाच भुंकला. ते भुंकणं म्हणजे साऱ्या डोंगराला दवंडी. त्या दरीत त्यानंतर चार दिवस एक आवाज आला नाही.

वाऱ्याचं गणित तसं सोपं आहे. रात्रीची गार हवा उतारावरून खाली वाहते. सकाळी ऊन पडलं, जमीन तापली की ती उलटून वर चढते. हा पालट होतो त्या वेळी वारा कुठेही जातो, आणि माणसाचा वास त्याच्याबरोबर. म्हणून प्रत्येकाच्या खिशात बारीक पावडरची एक छोटी बाटली असते. दाबली की धुरासारखी पूड उडते आणि वारा कुठे चाललाय ते दिसतं. त्या दिवशी माझ्याही खिशात ती होती. मी दाबलीच नव्हती.

(दृश्य: कोवळ्या उन्हात चरणारा कळप, दुर्बिणीतून.)

इथे थोडं थांबून एक सांगायला हवं, कारण बघणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या मनात शिकार हा शब्द टोचत असेल. माझ्याही मनात टोचत होता. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शिकार बंद झाली आणि ते योग्यच झालं. इथली गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. गोरे लोक येण्याआधी उत्तर अमेरिकेत अंदाजे एक कोटी एल्क होते. मांसासाठी, कातड्यासाठी, दातांसाठी बेछूट मारले गेले आणि विसावं शतक उजाडेपर्यंत लाखाच्याही आत आले. १९१० च्या सुमाराला अख्ख्या कोलोराडोत हजारभरसुद्धा उरले होते की नाही, अशी अवस्था. मारणं बंद केलं, वायोमिंगमधून जनावरं आणून सोडली. मग १९३७ मध्ये बंदुका आणि काडतुसांवरचा कर वन्यजीवांकडे वळवणारा कायदा झाला, पुढे धनुष्यबाणही त्या करात आले. आज एकट्या कोलोराडोत पावणेतीन लाखांच्या वर एल्क आहेत. या फ्लॅट टॉप्सवरचा कळप जगातल्या सगळ्यांत मोठ्या कळपांत मोजला जातो. परवाने भागाभागांचा हिशेब ठेवून दिले जातात, आणि मारलेल्या जनावराचं खाण्याजोगं मांस रानात टाकून येणं गुन्हा आहे. एवढं कळूनही टोचणी पूर्ण गेली नाही. ती जाऊ नये, असंच मला वाटतं.

(ध्वनी: पुन्हा तीच साद. या वेळी जवळून.)

आता परत त्या ओंडक्यापाशी.

दुसरा मोसम. अजून पुरतं उजाडलेलं नाही. साद वरच्या उतारावरून आली. शेजाऱ्यांनी बाटली दाबली, पूड आमच्या पाठीमागे, खालच्या दरीकडे सरकली. वारा ठीक. त्यांची मुलगी धनुष्य घेऊन चाळीस पावलं पुढे गेली आणि एका बुटक्या झाडापुढे गुडघ्यावर बसली. धनुर्धारी पुढे, हाक मारणारी मागे, ही या शिकारीची मांडणी. नराचं सगळं लक्ष आवाजाकडे असतं, आणि वाटेत बसलेल्या माणसाजवळून तो जातो.

मी डायफ्रॅम टाळूला लावला. मनात ठरवलं: मी मोठी मादी आहे, रात्री कळपापासून मागे राहिलेली, आणि मला फार घाई नाही.

एक हाक दिली. आणि थांबले.

ते थांबणं मला पहिल्या वर्षी जमलं नव्हतं. छातीत धडधडत होतं, जीभ पुन्हा वळवळत होती. शेजाऱ्यांनी नुसता हात वर धरला होता. मिनिट गेलं. दोन गेली.

आणि त्याने ओ दिली. पहिल्या जागेवरून नाही, निम्म्या अंतरावरून. तो आधीच निघाला होता.

त्या क्षणी अंगावर काटा आला तो शिकारीचा नव्हता. सातासमुद्रापार, दुसऱ्या खंडातल्या एका रानटी जनावराला मी काहीतरी म्हटलं होतं आणि त्याने ते खरं मानलं होतं.

(दृश्य: झाडांच्या बुंध्यांमधून सरकणारा मातकट रंग.)

शेजाऱ्यांनी एक वाळकी फांदी उचलून झाडाच्या सालीवर खरखरा घासली. दुसरा नर शिंगं घासतोय, असं वाटावं म्हणून. वरून लगेच फांद्या मोडल्याचा आवाज आला. मग आधी वास आला. गोठ्याचा, मुताचा, चिखलाचा मिळून एक उग्र दर्प. माजावरचे नर चिखलात लोळतात, स्वतःच्याच अंगावर मुततात. त्यानंतर तो दिसला. पोटाखालचे केस चिखलाने काळे आणि ओले. शिंगाच्या एका टोकाला स्प्रूसची हिरवी डहाळी अडकलेली, चालताना हलत होती. तोंडातून वाफ. तो मुलीकडे बघतही नव्हता. माझ्याकडे बघत होता, म्हणजे मी जिथे मादी होऊन बसले होते त्या झुडपाकडे.

धनुष्याचा आवाज फार बारीक असतो. टप्, एवढाच.

तो उसळला आणि उताराने पळाला. आणि शेजाऱ्यांनी माझ्या खांद्यावर थोपटून कुजबुजत सांगितलं, "हाक दे."

हे मला माहीत होतं. त्यांनी दहा वेळा शिकवलं होतं. बाण लागल्यावर मादीची हाक दिली तर नर लांब पळत नाही, थांबतो, कारण काय झालं हे त्याला कळलेलं नसतं. थांबला तर लवकर संपतं, आणि जखमी होऊन रानात हरवत नाही. माहीत असणं वेगळं. मी हाक दिली. तो साठ-सत्तर पावलांवर थांबला. वळून आवाजाकडे पाहिलं. आणि मग उभ्या उभ्याच त्याचे मागचे पाय गेले.

(इथे निवेदन नाही. वाऱ्याचा आवाज. दहा सेकंद.)

अर्धा तास आम्ही जागचे हललो नाही. रीतच आहे ती. मुलगी रडत होती, आणि तिचे वडील तिच्या शेजारी बसून होते. मी जवळ गेले तेव्हा ती डहाळी शिंगाला तशीच होती.

पुढचं काम कष्टाचं. तिथेच कातडं सोलायचं, मांड्या, खांदे, पाठीचं मांस सोडवून कापडी पिशव्यांत भरायचं, गार हवेला टांगायचं. एका मागच्या मांडीचंच वजन हाडासकट तीस किलोंच्या आसपास. ते पाठीवर घेऊन गाडीपर्यंत पाच किलोमीटर, मग परत. शेजाऱ्यांना आम्ही हलकी पिशवी दिली, ती त्यांनी मुकाट्याने बदलून घेतली.

वरच्या जबड्यातले दोन सुळे त्यांनी सुरीने काढले. एल्कला दोनच असतात, हस्तिदंतासारखे, पूर्वजांच्या सुळ्यांची राहिलेली खूण. मोन्टानातल्या क्रो या मूळ रहिवासी लोकांच्या बायकांच्या जुन्या झग्यांवर असे दात ओळीने शिवलेले असतात. एका झग्यावर तीनशे दात असले तर दीडशे एल्क. एक सुळा त्यांनी लेकीला दिला, एक माझ्या हातावर ठेवला. अजून गरम होता.

(दृश्य: रात्र. कपाळावरच्या दिव्याचा पिवळा गोल वाटेवर.)

शेवटच्या खेपेला अंधार पडला होता. अस्पेनच्या राईपाशी पाठीवरचं ओझं ओंडक्यावर टेकवून मी उभी राहिले, दिवा विझवला. वरच्या उतारावर कळप चरत होता, दिसत नव्हता, नुसता पाय वाजत होता. त्यातल्या एका मादीने हाक दिली. खरीखुरी, वीस-पंचवीस पावलांवरून.

(ध्वनी: मादीची हाक.)

ती माझ्यासारखी एका दमात खाली उतरली नाही. निम्म्यावर किंचित अडखळली, मग उतरली. तिला लगेच एक बारीक, आखूड ओ आली. पाडसाची.

आईला मी फोन केला तेव्हा तिच्याकडे सकाळ झाली होती. सांगितलं, "आज ऐकली. आई होती."