टपालाच्या पिशव्या आणि इंदूरचा थांबा

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘एअर इंडिया कर्जात का बुडाली’. तिकडे येतोच. पण त्याआधी इंदूरचा एक मान राहून गेलाय, तो दिल्याशिवाय मला पुढे सरकवत नाही.

एअर इंडियाची गोष्ट सगळे कराचीपासून सांगतात. १५ ऑक्टोबर १९३२, जे. आर. डी. टाटा, इवलंसं पस मॉथ विमान, अहमदाबादमार्गे मुंबई. तिथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेलं. अहमदाबादेत विमानाचं पेट्रोल कशातून आलं, सांगा बरं? बैलगाडीतून! हसा, खुशाल हसा. पण वेळेवर पोचली हो ती बैलगाडी! पावसाळ्यात जुहूचं मैदान पाण्याखाली जाई. मग दोन विमानं, तीन वैमानिक, तीन मेकॅनिक असं सगळं बिऱ्हाड पुण्याला, येरवड्याच्या मैदानावर. पहिल्या वर्षात प्रवासी मिळाले १५५. सरकारी अनुदान नाही. कंपनी जगली ती टपालाच्या पैशांवर, पिशवीन् पिशवी वजन करून.

आणि १९३७ साली याच कंपनीचा मुंबई-दिल्ली मार्ग सुरू झाला. कुठून? इंदूर, भोपाळ, ग्वाल्हेर! होळकर, नवाब, शिंदे. तीन संस्थानं एका हवाई मार्गावर. कराची सगळ्यांना पाठ असते, हे मात्र लेखांमधून अर्ध्या ओळीत उरकतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. अहिल्याबाईंचं नाव असलेल्या आपल्या विमानतळावर या मार्गाचा मोठा नकाशा लावावा, जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येक पोराला दिसेल असा. सभागृहात नगरसेवक कुणी असतील तर त्यांनी हे मनावर घ्यावं.

चिठ्ठी आली. पाचच मिनिटं? बरं, भराभर सांगतो.

१९५३ला राष्ट्रीयीकरण. परदेशी उड्डाणं एअर इंडिया इंटरनॅशनलकडे, देशातल्या आठ कंपन्या मिळून इंडियन एअरलाइन्स. जेआरडी अध्यक्ष राहिले. १९६०ला बोइंग ७०७ आलं, १९७१ला जंबो, म्हणजे बोइंग ७४७. १९७८ला सरकारने त्यांना दूर केलं. कंपनी चालवणारा एक आणि ठरवणारा दुसरा, हे तिथून वाढत गेलं, असं माझं ठाम मत आहे. पुढे दोन्ही कंपन्यांसाठी मिळून १११ नवी विमानं मागवली, कर्ज काढून. पाठोपाठ २००७ला विलीनीकरण. एकीकडे मुख्यतः बोइंग, दुसरीकडे एअरबस. म्हणजे वैमानिकांचं प्रशिक्षण वेगळं, सुटे भाग वेगळे, पगार आणि बढतीचे नियमही वेगळे. एवढं सगळं जुळवायचं आणि हप्तेही भरायचे! २०२१ला टाटांची १८,००० कोटींची बोली मान्य झाली, त्यातले १५,३०० कोटी निव्वळ कर्जापोटी. २७ जानेवारी २०२२ला कंपनी त्यांच्या ताब्यात गेली.

१९९०मध्ये कुवेतमध्ये अडकलेली आपली लाखाहून जास्त माणसं जॉर्डनमधल्या अम्मानहून याच कंपनीने घरी आणली, ते सांगायचं राहिलंच. प्रश्नोत्तरांत कुणीतरी तेवढं जरूर विचारा.