साडेचार ते साडेनऊ

(मिरज जंक्शन. सकाळ. कर्नाटकाकडून आलेली गाडी.)

या गाडीतून उतरणाऱ्या बऱ्याच जणांच्या हातात कापडी पिशवी असते आणि पिशवीत रिपोर्टांची फाइल. मिरजेला हे नवं नाही. १८९४ साली डॉ. वानलेस यांनी इथं मिशन हॉस्पिटल उभारलं, तेव्हापासून कानडी मुलखाचं दुखणंसुद्धा इथंच उतरतं.

(ओपीडी.)

डॉक्टरबाई पोटातल्या कॅन्सरवर ट्रायल, म्हणजे पेशंटवर औषधांची चाचणी, घेतात. नाव सांगू नका म्हणाल्या, म्हणून सांगत नाही.

पेशंट येतो तो कावीळ घेऊन. फारसं दुखत नाही, त्यामुळे महिनाभर झाडपाला करून झालेला असतो. मग सोनोग्राफीत कळतं, पित्ताशयाचा कॅन्सर यकृतात शिरलाय. ऑपरेशनची वेळ निघून गेलेली असते.

बाई शिकत होत्या तेव्हा अशा पेशंटला केमो द्यावी की नाही, हाच वाद होता. उत्तर आलं दिल्लीच्या एम्समधून, २०१० साली. ८१ पेशंट, तीन गट. नुसती शुश्रूषा: मध्यक आयुष्य (निम्मे पेशंट याहून कमी जगले, निम्मे जास्त) साडेचार महिने. जुनी केमो: ४.६, म्हणजे जवळपास तेवढंच. जेमसायटाबिन आणि ऑक्सालिप्लॅटिन ही केमोचीच दोन औषधं एकत्र: साडेनऊ.

पाच महिने वाढले. ऐकायला किरकोळ वाटतं. "पाच महिन्यांत कारखान्याचा एक हंगाम निघतो," बाई म्हणतात. "उसाचं बिल हातात घेऊन माणूस लेकीचं लग्न लावतो."

(टेबलावर संमतिपत्र. समोर एक म्हातारा, शेजारी मुलगा.)

"आमच्यावर प्रयोग करताय व्हय?"

"हो, मामा."

बाई हा शब्द टाळत नाहीत. कुठलं औषध मिळणार ते कॉम्प्युटर ठरवतो, हेही सांगतात. लोकांना इथंच खटकतं. डॉक्टर असून तुम्ही ठरवत नाही? "मी ठरवलं तर जरा धडधाकट पेशंट नकळत नव्या औषधाकडे सरकवीन. मग औषध चांगलं होतं की पेशंटच दणकट होता, कसं कळणार?"

वाचता येत नसेल तर ट्रायलशी संबंध नसलेला साक्षीदार समोर बसतो, मग अंगठा. मधेच नको वाटलं तर बाहेर पडता येतं, नेहमीचे उपचार थांबत नाहीत. हे सगळं बाई दोनदा सांगतात. दुसऱ्यांदा म्हाताऱ्यालाच सांगायला लावतात.

"घरात इचारून येतो."

"या."

कागद कापडी पिशवीत जातो, रिपोर्टांच्या फाइलशेजारी. परतीच्या गाडीला अजून तासभर आहे.